फणसाडचे गाण

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



काशीदच्या समुद्रकिनाऱ्यावर आपल्यापैकी अनेक जण सहकुटुंब जाऊन आले असतील. त्याच वेळी समुद्राकडे पाठ करून कितीजण उभे राहिले? मागे जे दाट रान दिसते, ते फणसाड. जंजिरा संस्थानच्या नबाबांचे हे राखीव शिकारवन. एका घराण्याच्या शिकारीच्या हौसेपायी इतरांना ते बंद राहिले, आणि म्हणूनच टिकले. इतिहासाचा न्याय विचित्र खरा! १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९८६ साली येथे अभयारण्य घोषित झाले.

कोकणात पाऊस धो धो कोसळतो. परंतु जांभ्याच्या उतारावर पाणी थांबत नाही आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर. वैशाखात या वनाचे प्राण उरतात ते ‘गाणां’त. गाण म्हणजे पाणवठा. फणसाड गाण, चिखलगाण ही त्यांची नावे. सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सारे तेथेच येणार. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राणिगणना करण्याची पद्धत पडली, ती याच कारणाने. त्या रात्री एका माणसाचा खोकलासुद्धा सांबराला माघारी धाडतो. तहानलेला जीव पाण्यावाचून परततो, हे भ्रमणध्वनीवर गाणी लावणाऱ्या आपल्या मंडळींच्या ध्यानीही येत नाही.

आता शेकरूविषयी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचा राजमार्ग झाडांच्या शेंड्यांवरून जातो. फणसाडमध्ये गारंबीच्या अजस्र वेली एका वृक्षावरून दुसऱ्यावर गेलेल्या आहेत. आपण ज्याला ‘जाळे’ म्हणतो, ते शेकरूचे पूल आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. जुने वृक्ष उन्मळून पडले, वनाच्या छताला भगदाडे पडली. रोप लावणे एका दिवसाचे काम. फांदीला फांदी भिडण्यास एक पिढी लागते. तोवर उरलेली वेल ‘साफसफाई’च्या नावाखाली तोडू न देणे, वणवा लागू न देणे, हेच काम आहे. त्यात छायाचित्र निघत नाही, हा भाग वेगळा.

पुढच्या खेपेस काशीदहून थोडी वाट वाकडी करून सुपेगावला जा. पांढरे कपडे नकोत. गावातील जाणत्या माणसाला बरोबर घ्या, त्याचे मानधन घासाघीस न करता द्या. मुलांना गारंबीची हातभर लांब शेंग दाखवायला त्याला सांगा. मात्र ती पिशवीत घालून घरी आणू नका.