मनोरा कलबुर्गीचा, आवाज कुणाचा?

परवा आळंदला आपण जमलो तेव्हा मी टीव्हीवर बोलले होते. टीव्हीवर म्हणजे टीव्हीबद्दल! नंतर बरेच जण लिहून दे म्हणून मागं लागले, म्हणून तेच भाषण थोडं नीट करून इथं देतेय. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय.

मी कलबुर्गीला राज्यशास्त्र शिकते. आमच्या विषयात सत्ता, राज्य, सीमा असे मोठमोठे शब्द रोज असतात. पण सीमा म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा जास्त अँटेनानं शिकवलं. हसू नका. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा, केबल यायच्या आधी माळवदावर अँटेना कुठल्या तोंडाला होता?

आळंदच्या आग्नेयेला कलबुर्गी, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. पश्चिमेला सोलापूर, सत्तरेक किलोमीटर. कलबुर्गीकडं तोंड केलं की चित्र स्वच्छ, पण भाषा कन्नड. सोलापूरकडं फिरवलं की मुंबईचं मराठी, सातच्या बातम्या, शनिवारचा मराठी सिनेमा, पण चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. मग बांबू उंच करा, बूस्टर लावा, आणि एकानं वर चढून पाइप फिरवत बसा. माझे काका सांगतात, वरून "आलं का?" असं मराठीत ओरडायचं, आणि खालून शेजारचे अप्पा "बंतु, बंतु... होयतु!" म्हणून कन्नडमध्ये उत्तर द्यायचे. आलं, आलं, गेलं! मुंग्या मात्र दोघांना सारख्याच दिसायच्या.

आता यातलं गणित बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळं मनोरा कितीही ताकदीचा असला तरी क्षितिजापुढं सिग्नल पडत जातो. समजा मनोरा १५० मीटरचा आणि घरावरचा अँटेना जमिनीपासून १० मीटरवर, तर हे क्षितिज जवळपास ६४ किलोमीटर येतं. कलबुर्गीला मध्य धरून नकाशावर तेवढं वर्तुळ काढा. मी काढलं. आळंद आत, बसवकल्याण आत, हुमनाबाद आत. आणि महाराष्ट्रातलं उमरगा पण आत! अक्कलकोट वर्तुळाच्या काठापासून थोडंसंच बाहेर राहतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जी रेघ ओढली गेली, ती या वर्तुळाला माहीतच नाही.

जुनी गोष्ट थोडी सांगते, कारण आपल्या भागाला टीव्ही उशिरा आला असं आपल्यातले बरेच समजतात. उलट आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, पूर्ण एक वर्ष, भारतात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची मेहनत, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. गावात जाळीची तीनेक मीटरची छत्री आणि सगळ्यांसाठी मिळून एक टीव्ही. कर्नाटकातून जिल्हे कुठले घेतले? गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर. प्रयोग संपला तरी टीव्ही बंद पडू नये म्हणून १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचा ट्रान्समीटर उभा राहिला. बेंगळुरूला दूरदर्शन केंद्र आलं १९८१ मध्ये. म्हणजे या बाबतीत आपण राजधानीच्या चार वर्षं पुढं होतो.

पण त्या प्रयोगात कार्यक्रमांच्या भाषा चार होत्या: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, म्हणून मराठी नाही. कुणी मुद्दाम आपल्यावर अन्याय केला असं मी म्हणत नाही. राज्य मोजलं की भाषा मोजली, एवढंच त्यांनी धरलं. आपण मात्र त्या मोजणीच्या मधल्या फटीत राहतो. गंमत म्हणजे त्याच उपग्रहावर एका चित्राबरोबर दोन वेगवेगळे आवाज पाठवायची सोय होती. चित्र एक, भाषा दोन. १९७५ मध्ये!

अॅनालॉगच्या काळात ट्रान्समीटरचं तसं नव्हतं. एक ट्रान्समीटर, एक फ्रिक्वेन्सी, एक चॅनल. त्यामुळं "या मनोऱ्यावर कन्नड का मराठी" हा प्रश्न खरोखरच यातलं एकच निवडा असा होता. कलबुर्गीचा मनोरा कन्नड बोलला यात माझी काही तक्रार नाही. आपल्या जिल्ह्यातली जास्त माणसं कन्नड बोलतात, आपणही बाजारात तीच बोलतो.

डिजिटल जमिनी प्रसारणानं ही अडचण संपवली. भारतानं त्यासाठी डीव्हीबी-टी२ हे तंत्र घेतलं. जुन्या एका चॅनलला जेवढी जागा लागायची, तेवढ्यातच पाच-सहा, कधी जास्तही चॅनल बसतात, आणि एकाच चित्राला दोन-तीन भाषांचे आवाज जोडता येतात. अँटेना तोच साधा कांड्यांचा, टीव्हीत तेवढा डिजिटल ट्यूनर पाहिजे. एक तोटाही आहे. अॅनालॉग मुंग्यांतून का होईना दिसायचं. डिजिटलमध्ये सिग्नल पुरेसा असेल तर चित्र एकदम स्वच्छ, थोडा जरी कमी पडला तरी चौकोन-चौकोन होऊन पडदा काळा. म्हणजे सत्तर किलोमीटरवरच्या सोलापूरकडं तोंड करून बसण्यात आता अर्थ नाही. आपल्याला जे हवं ते जवळच्या मनोऱ्यावरच असायला पाहिजे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शननं ही सेवा देशातल्या १६ शहरांत सुरू केली. महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद, कर्नाटकातून फक्त बेंगळुरू. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायनं शिफारस केली की टप्प्याटप्प्यानं २०२३ च्या अखेरपर्यंत अॅनालॉग बंद करून डिजिटल आणावं. झालं काय? अॅनालॉग बंद करायचा भाग झाला, डिजिटल आणायचा भाग मोठ्या शहरांच्या पुढं सरकला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गी केंद्र बंद होणार म्हणून बातम्या आल्या, लोक नाराज झाले. प्रसार भारतीनं खुलासा केला, त्यात सिलचरबरोबर कलबुर्गीचं नाव होतं. खुलासा असा की केंद्र बंद नाही, जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बंद होताहेत, केंद्रं कार्यक्रम बनवत राहतील आणि ते राज्याच्या वाहिनीवर आणि यूट्यूबवर दिसतील. देशभरात मोक्याच्या जागचे पन्नासेक ट्रान्समीटर सोडून बाकी सगळे मार्च २०२२ पर्यंत थांबवायचं ठरलं होतं.

खरं सांगू, अॅनालॉग बंद केल्याचं मला वाईट वाटत नाही. बघणारे फार उरले नव्हते, वीज आणि दुरुस्तीचा खर्च मोठा होता. माझं म्हणणं आहे ते त्या रिकाम्या जागेबद्दल.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, छत्री आहे ना! फ्री डिशवर सह्याद्री पण दिसतं, चंदना पण दिसतं." बरोबर आहे. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ती सेवा महिन्याचा एक रुपया न घेता चालते, आणि आपल्या वाड्या-तांड्यांवर मराठी पोचली त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण छत्री आकाशातून सगळ्या देशावर एकच चादर टाकते. तिच्यात कलबुर्गीपुरतं, बिदरपुरतं असं काही टाकता येत नाही. सह्याद्री मुंबईतून महाराष्ट्राशी बोलतं, चंदना बेंगळुरूतून कर्नाटकाशी. आळंदशी कोण बोलतं?

हे हवेतलं बोलणं नाही. २०२० चा जुलै आठवा. शाळा बंद. कर्नाटक सरकारनं चंदनावर 'संवेद' नावाचे धडे सुरू केले, सुरुवातीला आठवी ते दहावीसाठी. त्याच महिन्यात सह्याद्रीवर 'टिलीमिली' आलं, पहिली ते आठवीसाठी. दोन्ही चांगले उपक्रम होते, दोन्ही फुकट. आता आपल्याकडच्या मराठी माध्यमाचं पोर घ्या. त्याचं पुस्तक मराठीत, पण कर्नाटकाच्या पाठ्यक्रमाचं. चंदना लावलं तर धडा त्याचाच, भाषा त्याची नाही. सह्याद्री लावलं तर भाषा त्याची, धडा बालभारतीचा. माझी चुलत बहीण तेव्हा आठवीत होती, म्हणजे दोन्हीकडच्या इयत्तांत बसत होती. ती दोन्ही बघायची. विज्ञान चंदनावर, चित्रं बघून आणि पुस्तकातल्या आकृत्यांशी जुळवून. मराठीच्या गोष्टी सह्याद्रीवर. इतिहासाचं तिनं सोडूनच दिलं. दोन राज्यांच्या दोन वाहिन्या एका पोरीला मिळून एक धडा देऊ शकल्या नाहीत. आणि तंत्र काय म्हणतं? चंदनाच्या त्याच चित्राला कलबुर्गीच्या मनोऱ्यावर मराठी आवाज जोडता आला असता. बिदर-कलबुर्गीतले मराठी शाळांचे चार शिक्षक आणि एक स्टुडिओ, एवढ्यावर भागलं असतं.

असं कुठं झालंय का? झालंय. उत्तर आयर्लंडमध्ये. तिथली सीमा आपल्यापेक्षा किती रक्ताळलेली होती हे तुम्हाला माहीत आहे. तो भाग ब्रिटनचा, शेजारचं आयर्लंड वेगळा देश. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात बंदुका, कैदी, विधानसभा याच्या जोडीला एक बारीकसं कलम आहे: आयरिश भाषेची शेजारदेशाची टीव्ही वाहिनी उत्तर आयर्लंडमध्ये जास्त लोकांना दिसावी म्हणून प्रयत्न करायचे. शांतता करारात टीव्हीचा सिग्नल! ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथं अॅनालॉग बंद झालं, तेव्हा ब्रिटनच्या बाजूच्या तीन ट्रान्समीटरवर एक छोटा वेगळा डिजिटल गट सुरू केला, त्यात आयर्लंडच्या आरटीईच्या दोन वाहिन्या आणि आयरिश भाषेची टीजी४. तंत्र कुठलं? डीव्हीबी-टी२, आपण घेतलंय तेच. सीमा जागची हलली नाही, कुणाचं सार्वभौमत्व बुडालं नाही, लोक घरात बसून आपल्या भाषेतला हवामानाचा अंदाज बघायला लागले. ते दोन देश आहेत, आणि आपण? एकाच देशातली दोन राज्यं, एकच दूरदर्शन.

कायदाही आडवा येत नाही. प्रसार भारती कायदा १९९० चा. त्याचं बारावं कलम वाचा, अभ्यासाला नसलं तरी वाचा. सीमाभागात, मागास आणि दुर्गम भागात राहणाऱ्यांची सेवा हे तिथं महामंडळाचं काम म्हणून लिहिलंय. (लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाकिस्तानची सीमा असणार, आपली नाही. पण कायद्यात जे छापलंय ते छापलंय.) त्याच कलमात प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या भाषांमधून प्रादेशिक सेवा पोचवायला सांगितलीय. भाषांमधून, अनेकवचन. आमच्या सरांनी एक सवय लावलीय, कायदा वाचताना क्रियापद आणि वचन बघायचं. आणि घटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. टीव्हीवरचा धडा हे शिक्षण नाही असं आता २०२० नंतर कुणी म्हणू शकत नाही.

म्हणून मागणी फक्त मराठीची करू नका. कलबुर्गीच्या मनोऱ्यावर डिजिटल गट आला तर चंदना आणि सह्याद्री दोन्ही असावं, उर्दूही असावं, आळंदच्या लाडले मशायख दर्ग्याच्या गल्लीत राहणाऱ्याला ते का सांगायला पाहिजे? आणि सोलापूरच्या मनोऱ्यावर चंदना असावं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमधल्या कन्नड शाळेतल्या पोराची अडचण म्हणजे आपलीच अडचण, फक्त आरशातली. ही मागणी त्यांच्याबरोबर मिळून केली तर कुठल्याही बाजूच्या पुढाऱ्याला तिचा झेंडा करता येणार नाही. काहींना हे आवडणार नाही. परवाही एकानं विचारलं, "आपण त्यांच्यासाठी का भांडायचं?" मी म्हटलं, कारण पटकन मिळेल.

शिवाय वेळ आहे तोवर बोललं पाहिजे. मोबाईलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्ही दाखवायच्या चाचण्या देशात चालल्यात, आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती त्यात आहेत. तेही जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच येणार. कुठल्या मनोऱ्यावर कुठल्या भाषा, हे एकदा ठरलं की पुढची वीस वर्षं बदलत नाही. १९७५ चा अनुभव आपल्याकडं आहे.

आता कामाचं. माहिती अधिकारात प्रसार भारतीकडं एक अर्ज तयार करतेय. तीन प्रश्न आहेत: कलबुर्गीच्या मनोऱ्यासाठी डिजिटल प्रसारणाचा काय प्रस्ताव आहे; केंद्रात गेल्या पाच वर्षांत कुठल्या भाषेत किती तासांचे कार्यक्रम बनले; आणि एकापेक्षा जास्त भाषांचे आवाज जोडायचा विचार कधी झाला का, झाला असेल तर त्या फाइलची प्रत. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. भालकी-औरादच्या मुलांनी बिदरसाठी असाच वेगळा अर्ज करावा, त्यांचे प्रश्न वेगळे असतील.

एक अडचण आहे. माहिती अधिकार कायद्याप्रमाणं अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे आळंदहून मराठीबद्दलचा अर्ज आपल्याला मराठीत करता येत नाही. मी तो कन्नडमध्ये लिहायला घेतलाय. माझं बोलायचं कन्नड चांगलं आहे, पण सरकारी कन्नड कच्चं आहे. ज्यांचं पक्कं असेल त्यांनी येत्या रविवारपर्यंत मेसेज करा.