फुलोरा, फवारणी आणि मधमाशी



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांतील कोरड्या माळांचे रूप पालटले. पाण्याने पीक वाढते. परंतु फुलाचे फळ वा बीज होण्यास केवळ पाणी व खत पुरत नाही. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून परिपक्व होतो. साहजिकच त्या फुलाला दुसऱ्या फुलाच्या परागाची वाट पाहावी लागते. तो पराग आणून देणाऱ्या कीटकांत मधमाशी अग्रगण्य होय. ती आली नाही, तर गोंडा भरगच्च दिसूनही बी अल्पच भरते.

आपल्या शिवारात मधमाश्यांच्या अनेक जाती आढळतात. उंच झाडावर वा कड्याला एकच मोठे पोळे लावणारी आग्या, झुडपात लहानसे पोळे बांधणारी फुलोरी, आणि ढोलीत समांतर पोळी रचणारी सातेरी. यांतील सातेरी पेटीत नांदते. याखेरीज एकाकी राहणाऱ्या कित्येक माश्या बांधाच्या मातीत बिळे करून राहतात. बांध नांगरला की त्यांचे घर मोडते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या जीवाचा शास्त्रीय अभ्यास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. देवडीकर, ठकार व शहा यांनी 1959 साली भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवरील संशोधन प्रसिद्ध केले. 1962 साली पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. अशा अभ्यासाची निकड पुढे एका मोठ्या साथीने पटवून दिली. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात ‘थाई सॅकब्रूड’ हा विषाणुजन्य रोग पसरला. त्यात सातेरीच्या अळ्या कोष करण्यापूर्वीच पिशवीसारख्या फुगून मरत. असंख्य वसाहती ओस पडल्या आणि मधपाळांची उपजीविका बुडाली.

रोगाखेरीज दुसरे संकट मनुष्यनिर्मित आहे. 2012 साली फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ-चकत्या चिकटवून एक प्रयोग प्रसिद्ध केला. थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची अल्प मात्रा दिलेल्या माश्या जागीच मरत नव्हत्या. मात्र त्यांतील बऱ्याच पोळ्यात परतत नव्हत्या. शेतात मेलेली माशी दिसत नाही, म्हणून औषध निरुपद्रवी होते असे मानणे किती चुकीचे आहे, हे यावरून उघड होते.

शेतकऱ्याने फवारणीच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. कीड आवरली नाही तर वर्षाचे कष्ट वाया जातात. प्रश्न औषधाच्या निवडीचा व वेळेचा आहे. ऐन फुलोऱ्यात फवारणी टाळावी. ती अटळच असेल, तर माश्या परतल्यावर, सायंकाळी उशिरा करावी. शेजारच्या पेट्यांच्या मालकास आगाऊ सूचना द्यावी. विस्तीर्ण उसाच्या पट्ट्यात माशीला अन्न थोडे; म्हणून बांधावर शेवगा, करंज, तुळस यांसारख्या फुलणाऱ्या वनस्पती राखाव्यात.

हा विचार घराघरांत नेण्याचे सामर्थ्य शाळेत आहे. चौथीच्या मुलांनी कांद्याचे दहा गोंडे निवडून, सकाळी आणि दुपारी दहा-दहा मिनिटे, किती माश्या आल्या ते वहीत नोंदवावे. असे आठवडाभर करावे. कीटकशास्त्रज्ञाचे कामही अशाच संयमी मोजणीपासून सुरू होते. मात्र फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये. पोळ्याजवळ कोणी जाऊ नये, आणि आग्या मोहोळावर दगड मारणे प्राणावर बेतू शकते, हे त्यांना बजावून सांगावे.

सकाळी किती माश्या येतात, हे स्वतः मोजलेले मूल घरी जाऊन वडिलांना फवारणीची वेळ विचारील. त्या एका प्रश्नाने एखाद्या शेतातील पंप सकाळऐवजी सायंकाळी चालू झाला, तरी पाठ सार्थकी लागला असे समजावे.