मध्ये कोण उभा आहे?



हमालांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने सोनाळ्यात येऊन संगणकाच्या गाभ्याविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि तरुणांना विचारून. हा विषय मात्र एका अडचणीतून दारी आला. आमच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. त्याची नवी आवृत्ती बसवली आणि बिनतारी जोडणीचे कार्ड मुके झाले. कार्ड धडधाकट होते. परंतु निर्मात्याने दिलेला ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळेना. सभासदांचे अर्ज चार दिवस अडले.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि गाभा, म्हणजे कर्नेल, यांच्यामधला दुभाषी. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेल्या या गाभ्यात आज सर्वांत मोठा भाग ड्रायव्हरांचाच आहे. ड्रायव्हरला स्मृतीतील जागा हवी असेल तर गाभ्याचे के-मॅलॉक हे फंक्शन थेट हाकारता येते. पण पुष्कळ निर्माते त्यावर आपल्या नावाचे वेष्टन चढवतात. त्याला रॅपर म्हणतात. तोच ड्रायव्हर दुसऱ्या प्रणालीवरही चालावा, हा त्यांचा हेतू.

यात बिघडले कोठे? जागा मागताना दोन गोष्टींतली एक सांगावी लागते: मी थांबू शकतो, किंवा मला क्षणभरही थांबता येणार नाही. ही गोष्ट मागणाऱ्यालाच ठाऊक असते. काही वेष्टने ती विचारीतच नाहीत. यंत्राची तातडीची हाक चालू आहे काय, एवढे पाहून स्वतःच ठरवतात. पण ड्रायव्हरने हाती कुलूप धरले असेल, तर ते त्यांना दिसत नाही. मग थांबू नये तेथे ड्रायव्हर थांबतो आणि सारे यंत्र अडकून पडू शकते.

कोणी म्हणेल, गाभा बदलला तर वेष्टन एकाच जागी दुरुस्त करता येईल. हा मुद्दा खोटा नाही. परंतु ड्रायव्हर गाभ्याच्या घरात असेल, तर फंक्शन बदलणाराच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. तशी तेथे रीतच आहे. वेष्टनाआड लपलेली हाक मात्र त्याच्या शोधात सहज सापडत नाही. म्हणूनच २००८ साली 'स्टेजिंग' नावाची ओसरी काढण्यात आली. ओबडधोबड ड्रायव्हर तेथे बसतात. वेष्टने काढून स्वच्छ झाले की माजघरात घेतले जातात.

मग मधले सारेच वाईट काय? नाही! आपल्याकडे हमाल आणि व्यापारी यांच्यामध्ये पूर्वी टोळीवाला उभा असे. मजुरी त्याच्या हातून येई आणि वाटेत झिजे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळे आली. मंडळ हेही मधलेच. पण ते नोंदणी करते, मजुरी आपल्याकडे भरून घेते, भविष्यनिर्वाह निधी सांभाळते. गाभ्यातही तसेच आहे. जागा घेऊन ती पुसून देणारे के-झॅलॉक २००५ साली आले. २००७ साली तेजुन हिओ यांनी घेतलेली साधने आपोआप उलट क्रमाने परत करणारी व्यवस्था आणली. हीही वेष्टनेच, पण ती काम करतात, आणि एका कंपनीच्या मालकीची नसून सर्वांच्या गाभ्यात राहतात.

तेव्हा कसोटी साधी आहे. मध्ये उभा असलेला काही काम करतो, की केवळ नाव बदलून पुढे ढकलतो? आणि तो कोणाला जबाबदार आहे?

पुढे त्याच कार्डाचा ड्रायव्हर गाभ्यातच नव्याने लिहिला गेला. भंगारात जायचे कार्ड आजही चालते आहे. आपल्या गावची मुले हे काम शिकत असतील, तर त्यांना हा प्रश्न विचारायलाही शिकवा, एवढीच माझी विनंती.