लॅपटॉप गेला, पण डेटा गेला का?

हुपरीतून बोलतोय. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडलेला असणार. जुना, बंद पडलेला लॅपटॉप.

आमच्या गावात चांदीचं काम. पैंजण, जोडवी, वाळे. आता डिझाईनचे फोटो मोबाईलवर असतात, पण दहा-बारा वर्षांपूर्वीचं सगळं लॅपटॉपवर. कोरलड्रॉच्या फाईली, टॅलीचा हिशोब आणि त्यातच घरातल्या लग्नाचे फोटो. माझ्या एका मित्राच्या वडिलांचा असाच लॅपटॉप होता. चालूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, खर्च करण्यात अर्थ नाही. काका तो भंगारात द्यायला निघाले. मित्राने अडवलं, कारण त्याच्या आजीचे चांगले फोटो तेवढ्या एकाच ठिकाणी होते. आजी आता नाही.

तर पहिली गोष्ट. मदरबोर्ड गेला म्हणजे हार्ड डिस्क गेली असं नाही. घराची वायरिंग जळली म्हणून कपाटातल्या वह्या जळत नाहीत. त्या वह्या बाहेर काढायच्या, एवढंच काम आहे.

त्यासाठी लागतो यूएसबी टू साटा अडॅप्टर. एक केबल, काही शे रुपयांत मिळते. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, खालचे स्क्रू खोला. अडीच इंची चपटी डिस्क दिसेल. तिच्या कडेला दोन पट्ट्या असतात, एक लहान, एक मोठी. लहान ७ पिनांची डेटाची, मोठी १५ पिनांची करंटची. अडॅप्टर एकाच बाजूने बसतो, जोर लावू नका. घेण्याआधी डिस्क नक्की बघा. फार जुन्या लॅपटॉपमध्ये बारीक पिनांच्या दोन रांगा असतात, ती आयडीई. नव्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू असते. दोन्हींचे अडॅप्टर वेगळे. आणि डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर हवा.

आता डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. इथे नीट ऐका. विंडोज कधी कधी विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? फॉरमॅट दाबायचं नाही. कॅन्सल करा. दुरुस्ती नंतर, आधी कॉपी. जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, तिच्यातून फक्त वाचायचं.

डिस्क उघडली तर 'यूजर्स' फोल्डरमध्ये जा. परवानगी नाही असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा, बऱ्याचदा उघडतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आधी घ्या. टॅलीसाठी टॅलीच्या फोल्डरमधलं 'डेटा' शोधा. आत १०००० असे पाच आकडी फोल्डर असतात, एकेक कंपनी एकेका फोल्डरात. ते अख्खे उचला.

उघडलीच नाही, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. सापडलेल्या फाईली मात्र दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच डिस्कवर नाही.

थांबायचं कधी? डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच काढा. प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात भिजलेली असेल तर तिला करंट देऊच नका. डिस्क खोलू नका, आत धुळीचा कणही चालत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. अशा वेळी रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडेच जावं.

नव्या लॅपटॉपवाल्यांनो, तुमची डिस्क बिटलॉकरने बंद असू शकते. तेव्हा ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. लॅपटॉप चालू आहे तोवरच बघून ठेवा.

आणि एक आपल्या मराठीचा घोळ. जुनं पत्र, पत्रिका उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर फाईल खराब झाली असं समजू नका. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल. तो फॉन्ट त्याच डिस्कवरच्या 'विंडोज'च्या 'फॉन्ट्स' फोल्डरात असतो, तोही कॉपी करून घ्या.

काकांचं काय झालं? डिस्क ठणठणीत होती. कॉपी व्हायला एक दुपार गेली. डिझाईन, हिशोब, आजी, सगळं आलं. काकांनी आधी हिशोब उघडला नाही, आजीचे फोटो उघडले. पैंजणाच्या कड्या जोडत ओसरीवर बसलेली आजी.

मग आम्ही दोन प्रती केल्या. एक एक्स्टर्नल डिस्कवर घरात, एक बहिणीकडे कोल्हापुरात. एकाच जागी ठेवलेला डेटा म्हणजे आज ना उद्या जाणारा डेटा.

शेवटचं. भंगारात लॅपटॉप द्यायचाच असेल तर डिस्क काढून घ्या. डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नसतं. आज आपण डेटा काढला, उद्या दुसरा कुणीही काढेल.

तर या रविवारी कपाट उघडा. कुठे अडलात तर मेसेज टाका, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!