तारकानौकेचे कप्तान



१९७२ सालच्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्क शहरातील एका मोठ्या हॉटेलात काही हौशी मंडळींनी एक संमेलन भरविले. काहीशे माणसे जमतील असा त्यांचा अंदाज होता. जमली तीन हजारांहून अधिक. ही गर्दी ज्या कारणासाठी लोटली ते ऐकून कोणाही व्यवहारी गृहस्थास हसू यावे. दूरचित्रवाणीवरील एक मालिका, जी अडीच वर्षांपूर्वीच बंद पडली होती आणि जिचे नवे भाग निघण्याची काही चिन्हे नव्हती, तिच्याविषयी बोलावे, आणि बोलता बोलता भांडावे, एवढाच त्या समुदायाचा हेतू. ते भांडण अद्याप मिटलेले नाही. पुढे त्यात नवी माणसे शिरली, नवे पक्ष पडले, मुले आईबापांच्या विरुद्ध बाजूस जाऊन बसली. परंतु वादाचा विषय पाहू गेल्यास तोच राहिला आहे.

त्या मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक’. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत तिचा पहिला भाग दाखविण्यात आला. तेविसाव्या शतकात ‘एंटरप्राइज’ नावाची एक अवकाशनौका अज्ञात ताऱ्यांच्या शोधास निघाली आहे. तिच्यावर चारशेंवर माणसे आहेत. आणि त्या सर्वांच्या प्राणांची जबाबदारी जेम्स कर्क नावाच्या तरुण कप्तानाच्या शिरावर आहे, अशी कल्पना. त्याच्या उजव्या हाताशी स्पॉक, ज्याचा पिता परग्रहावरील व माता पृथ्वीवरील. कान टोकदार, बुद्धी तर्ककठोर, आणि भावना कुलूप लावून ठेवलेल्या. डाव्या हाताशी डॉक्टर मॅकॉय, ज्यास तर्काचा मनस्वी तिटकारा. कप्तानाने काही ठरवावयाचे, तर या दोघांच्या ओढाताणीतून ठरवावयाचे.

दुसऱ्या वर्षीच मालिका बंद होणार अशी वदंता उठली. तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा असा भडिमार केला, की मार्च १९६८ मध्ये चालकांना पडद्यावरूनच जाहीर करावे लागले, मालिका चालू राहील, कृपा करून पत्रे थांबवा. अर्थात् चालकांनी मागाहून आपला डाव साधलाच. मालिकेस शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, म्हणजे जी तरुण मंडळी ती पाहत तीच घराबाहेर पडलेली असावयाची. १९६९ मध्ये एकूण एकोणऐंशी भागांनंतर खेळ आटोपला. तथापि जी वस्तू पत्रे लिहून वाचविली ती माणसास स्वतःची वाटू लागते, आणि स्वतःच्या वस्तूविषयी भांडण्याचा हक्क कोण सोडील? गावोगावच्या केंद्रांनी ते जुनेच भाग संध्याकाळी पुनःपुन्हा दाखविले, आणि चाहत्यांची संख्या मालिका जिवंत असताना वाढली नव्हती एवढी तिच्या मरणानंतर वाढली. या मंडळींना ‘ट्रेकी’ म्हणावे की ‘ट्रेकर’, यावरही त्यांच्यात दोन तट आहेत. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

कप्तानांचा खरा वाद पेटला तो १९८७ मध्ये. त्या वर्षी नवी नौका, नवे खलाशी आणि नवा कप्तान घेऊन मालिका परत आली. हा कप्तान जाँ-लुक पिकार्ड. डोक्यास टक्कल, वय पन्नाशीकडे झुकलेले, हातात चहाचा पेला, वाचनात शेक्सपीयर. जुन्या भक्तांना ते सहन होईना. कर्क संकट दिसताच उडी घेणारा. पिकार्ड संकट दिसताच सहकाऱ्यांना टेबलाभोवती बसवून प्रत्येकाचे मत विचारणारा. जुन्या शाळांतून काही मास्तर वर्गात पाऊल टाकताच वर्ग जिंकीत; काहींचा प्रभाव मुले शाळा सोडून गेल्यावर वीस वर्षांनी समजे. त्या दोहोंपैकी थोर कोण, हे मुलांच्या मतावर अवलंबून नसून मुलांच्या वयावर अवलंबून असते. कर्क आवडणाऱ्या कित्येकांना पुढे पिकार्ड आवडू लागला याचे कारण बहुधा एवढेच.

परंतु ही झाली आवडीनिवडीची गोष्ट. वाद कडाक्यास जातो तो निराळ्याच ठिकाणी. कप्तानाच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, विचारावयास वर कोणी नाही आणि वेळ थोडा आहे, अशा प्रसंगी त्याने जे केले ते योग्य की अयोग्य? मालिकेतील जे भाग उत्कृष्ट म्हणून मानले जातात त्यांपैकी बरेचसे अशाच प्रसंगांचे आहेत, हा योगायोग नव्हे.

एप्रिल १९६७ मध्ये हार्लन एलिसन यांनी लिहिलेला एक भाग प्रसारित झाला. डॉक्टर मॅकॉय औषधाच्या अपघाताने भ्रमिष्ट होऊन भूतकाळात शिरतो आणि तेथे काहीतरी असे घडते की सगळा इतिहासच बदलतो. त्याच्या मागोमाग कर्क आणि स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये येतात. मंदीचे दिवस. तेथे ईडिथ कीलर नावाची एक स्त्री भुकेल्यांना अन्न देण्याचे काम करते. कर्क तिच्या प्रेमात पडतो, आणि त्याच वेळी स्पॉक शोधून काढतो की हिला मेलेच पाहिजे. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, जर्मनीस अणुबाँब आधी साधेल, आणि पुढचे सारे जगच नाहीसे होईल. शेवटी ती रस्ता ओलांडीत असता मोटार येते. मॅकॉय तिला वाचविण्यास धावतो, आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

या भागास पुढल्याच वर्षी विज्ञानकथांसाठीचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. मौज अशी की लेखक स्वतः मात्र आयुष्यभर रुष्ट राहिला. त्याच्या मूळ लेखनात कर्क प्रेमापुढे हतबल होतो आणि जे कठोर कृत्य करावयाचे ते स्पॉकच्या हातून घडते. मालिकेच्या चालकांनी ते बदलले. आमचा कप्तान असा कर्तव्य सोडून उभा राहणार नाही, ही त्यांची भूमिका. जो प्रेमासाठी जगावर पाणी सोडावयास क्षणभरही तयार होत नाही तो माणूस कसला, ही लेखकाची. मूळ संहितेस लेखकसंघाचे पारितोषिक मिळाले ते निराळेच. म्हणजे चाहत्यांनी भांडण्याच्या आधीच हा तंटा मालिकेच्या घरात लागला होता!

याहूनही अवघड दुसरा प्रसंग आहे, आणि त्यावर जेवढे कडवट वाद झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या भागावर झाले असतील. ‘व्हॉयेजर’ नावाची नौका पृथ्वीपासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकली गेली आहे. घरी पोहोचावयास पाऊणशे वर्षे लागतील असा हिशेब. न्यायालय नाही, वरिष्ठ नाही. तिची कप्तान कॅथरिन जेनवे ही स्त्री आहे. १९९५ साली सुरू झालेल्या या मालिकेत मुख्य कप्तानपदी प्रथमच स्त्री आली. तिच्या नौकेवर टूवॉक हा शिस्तीचा अधिकारी आणि नीलिक्स हा बोलघेवडा आचारी. १९९६ मधील एका भागात ही दोन माणसे यंत्राच्या अपघाताने वितळून एकच माणूस होऊन बाहेर येतात. हा नवा गृहस्थ स्वतःस ट्यूव्हिक्स म्हणवितो. दोघांच्याही आठवणी त्याच्यापाशी आहेत. काम तो चोख करतो, स्वयंपाक उत्तम करतो, सर्वांचे मन जिंकून घेतो. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा दोन माणसांत विभागण्याची युक्ती सापडते. तेव्हा तो म्हणतो, मला जगावयाचे आहे.

जेनवे निर्णय घेते. ट्यूव्हिक्स एकेकाच्या तोंडाकडे पाहत मदतीची याचना करतो. एकही सहकारी जागचा हलत नाही. नौकेवरील वैद्य, जो वस्तुतः माणूसच नव्हे, प्रकाशाची बनविलेली एक आकृती आहे, तो मात्र इच्छेविरुद्ध कोणाचा जीव घेण्याचे साफ नाकारतो. तेव्हा ते काम जेनवे स्वतःच्या हाताने करते. टूवॉक आणि नीलिक्स सुखरूप परत येतात. ती बाहेर पडते, एकटीच वाटेने चालू लागते, आणि भाग तेथे संपतो.

एक पक्ष म्हणतो, ही हत्या. दुसरा म्हणतो, ज्या दोघांना बोलावयास तोंडच उरले नव्हते त्यांच्या वतीने कप्तानानेच बोलावयाचे. टूवॉकची बायकामुले घरी वाट पाहत होती, त्यांना तिने काय सांगावे? जेनवेचे अभिमानी आणखी असे विचारतात, की हेच कृत्य कर्कच्या हातून झाले असते तर त्यास करारीपणा म्हटले असते की नाही? या प्रश्नात तथ्य आहे. परंतु सर्वांत वजनदार मुद्दा तिसऱ्या पक्षाचा दिसतो. तो पक्ष जेनवेकडे न पाहता त्या स्तब्ध बसलेल्या सहकाऱ्यांकडे पाहतो. कप्तानास जे पाप लागले असेल त्यात त्यांचा वाटा किती? या भागात न्याय उघडउघड अमक्याच्या बाजूस आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने तो भाग पुन्हा एकदा पाहावा.

सिस्को नावाच्या तिसऱ्या कप्तानाची कथा आपल्याकडील श्रोत्यांना चटकन उमजेल. महायुद्ध हरत आले आहे. तटस्थ रोम्युलन राष्ट्र आपल्या बाजूस यावे म्हणून तो खोटा पुरावा तयार करवितो, आणि त्यातून पुढे एका मुत्सद्द्याचा खून होतो. १९९८ चा हा भाग. धर्मराजाने अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारले तेव्हा त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीस टेकला, अशी कथा आहे. सिस्कोचा रथ टेकत नाही. तो सारी हकीकत आपल्या रोजनिशीत बोलून दाखवितो, याचा भार आपण वाहू शकतो असे मनास समजावितो, आणि ती नोंद पुसून टाकतो. ज्यांना सिस्को प्रिय आहे त्यांना तो या कबुलीमुळे प्रिय आहे. ज्यांना अप्रिय आहे त्यांना त्या पुसण्यामुळे.

प्रेमप्रकरणांचा वाद त्या मानाने सौम्य, पण लांबण फार. कर्कच्या प्रेयसी मोजण्याचा उद्योग कित्येकांनी केला आहे. त्याने आणि उहुरा या कृष्णवर्णी अधिकारी स्त्रीने घेतलेले चुंबन २२ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखविले गेले. गोऱ्याकाळ्यांच्या विवाहास असलेली कायद्याची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये उठविली होती. म्हणजे त्या गोष्टीस पुरते दीड वर्षही झाले नव्हते. कथेत ते चुंबन परग्रहवासीयांच्या जबरदस्तीने घडते, यावरून त्याचे मोल कमी करावे की नाही, हाही एक वादच. कित्येक चाहत्यांनी, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा, कर्कचे खरे प्रेम स्पॉकवरच होते असे मानून १९७४ पासून कथाच लिहून छापण्यास आरंभ केला. जेनवे आणि तिचा उपकप्तान चकोते यांचा विवाह व्हावा म्हणून ज्यांनी सात वर्षे वाट पाहिली, त्यांना २००१ मध्ये चकोतेची जोडी भलतीशीच जुळलेली पाहून जो संताप आला तो अजून शमलेला नाही.

पिकार्डच्या बाबतीत मात्र एक नाजूक गोष्ट घडली. जून १९९२ मधील एका भागात एक अनोळखी यंत्र त्याच्या मनाचा ताबा घेते, आणि तो नौकेच्या जमिनीवर बेशुद्ध पडतो. पंचवीस मिनिटांनी शुद्धीवर येतो. तेवढ्या अवधीत तो दुसऱ्या एका ग्रहावर एका साध्या लोहाराचे सबंध आयुष्य जगून आलेला असतो. बायको, दोन मुले, नातवंड, बायकोचा मृत्यू, आणि पाऊस न पडल्यामुळे हळूहळू मरणारे गाव. तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालेला. कोणीतरी आपली आठवण ठेवावी एवढ्यासाठीच त्या लोकांनी ते यंत्र सोडले होते. त्या आयुष्यात शिकलेली बासरी मात्र पिकार्डच्या हातात खरोखरीची राहते. हाही भाग ह्यूगो पारितोषिकाचा मानकरी ठरला. यात लढाई नाही, शत्रू नाही. कर्कच्या कट्टर भक्तांनाही या भागाविरुद्ध बोलताना आवाज खाली आणावा लागतो.

आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने दाखविली. त्यापूर्वी १९७९ साली निघालेल्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी डोक्याचे मुंडण करून इलिया या परग्रहवासी स्त्रीची भूमिका केली होती, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

प्रेमाच्या वादास निवाडा नसतो. कप्तानांच्या वादात मात्र २०२२ मध्ये लेखकांनीच एक निवाडा देऊन पाहिला. कर्कच्याही आधी एक कप्तान होऊन गेला होता, क्रिस्टोफर पाइक. १९६६ पूर्वी मालिकेचा जो पहिला नमुना तयार झाला त्याचा तो नायक. चालकांना तो नमुना पसंत पडला नाही आणि पाइकच्या जागी कर्क आला. कथेत पाइकची गती फार करुण दाखविली होती. अपघाताने लुळा होऊन खुर्चीत जखडलेला, दिव्याच्या उघडझापीने फक्त होय किंवा नाही एवढेच सांगू शकणारा. पंचावन्नांहून अधिक वर्षांनी या टाकलेल्या नायकास स्वतःची स्वतंत्र मालिका मिळाली. त्यात त्यास आपले भविष्य आधीच कळलेले असते. ते टाळता येईल का असा विचार मनात येताच, त्यास टाळलेले भविष्य दाखविण्यात येते. १९६६ च्या डिसेंबरात कर्कने रोम्युलनांच्या नौकेशी ज्या प्रसंगी झुंज दिली, नेमक्या त्याच प्रसंगी येथे कप्तानाच्या आसनावर पाइक बसलेला आहे. परीक्षा तीच, परीक्षार्थी निराळा. कर्कने पाठलाग करून नौका गाठली होती; पाइक सलोख्याचा हात पुढे करतो. तो हात दुर्बळाचा समजला जातो, युद्ध पेटते, आणि स्पॉक मरणप्राय जखमी होतो. पाइक परत येऊन ती खुर्ची मुकाट्याने पत्करतो.

कर्कच्या पक्षास अर्थातच आनंद झाला. अखेर निकाल लागला म्हणून. पाइकच्या पक्षाचे म्हणणे असे, की दुसऱ्याचे हाल वाचावेत म्हणून स्वतःचे हाल पत्करणाराच कप्तान मोठा, तेव्हा निकाल लागला तो आमच्या बाजूने. पिकार्डचे अनुयायी म्हणतात, आमच्या कप्तानास त्या आसनावर बसवून पाहिलेच कोठे?