मसाला बोलतो, तर मजुराचं नाव का सांगत नाही?

(नांदगाव खंडेश्वर इथं तरुणांच्या वाचन-बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



नांदगाव खंडेश्वरात बसून अमेरिकेतल्या मसाल्याच्या दुकानाची गोष्ट कशाला चघळायची, असं मला येता येताच दोघांनी विचारलं. कापसाच्या भावाची बोंब आहे, पोट्ट्यायच्या हाताला काम नाही, अन् आपण कादंबरीवर बोलतोय! प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर देता आलं नाही तर मला खाली बसवा.

कादंबरी चित्रा बॅनर्जी दिवाकारुणी यांची. 'द मिस्ट्रेस ऑफ स्पायसेस'. १९९७ साली आली. २००५ साली तिच्यावर सिनेमा निघाला, ऐश्वर्या रायचा. तुमच्यापैकी काहींनी पुस्तक वाचलं, बऱ्याच जणांनी सिनेमा पाहिला, उरलेल्यांनी नुसती गोष्ट ऐकली. ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तिलो नावाची बाई. एका अद्भुत बेटावर मसाल्यांची विद्या शिकते. मग कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात म्हाताऱ्या बाईच्या रूपात दुकान चालवते. मसाले तिच्याशी बोलतात. गिऱ्हाईक आलं की त्याचं दुःख तिला दिसतं, आणि त्या दुःखाला जो मसाला लागू पडेल तो ती पुडीत बांधून देते. हळद, दालचिनी, मेथी, हिंग, आलं अशी प्रकरणांची नावं. पण तिला नियम आहेत. दुकानाबाहेर पाऊल टाकायचं नाही. विद्या स्वतःसाठी वापरायची नाही. पुढं ती रेव्हन नावाच्या माणसाच्या प्रेमात पडते आणि नियम मोडते.

आता तुमची मतं. मघापासून ऐकतोय. ती दोन तऱ्हेची आहेत.

पुण्यात होस्टेलला राहून शिकणारी आपली एक ताई म्हणाली, मला रडू आलं. परक्या गावात घरच्या फोडणीचा वास आला की पोटात कालवतं, ते या बाईनं बरोबर पकडलं. दुसरा आपला दोस्त, कंपनीत कंत्राटी कामगार. तो उसळला. म्हणाला, हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत. गोऱ्या वाचकाला हिंदुस्थान म्हणजे हळद, साप आणि जादू पाहिजे. बाईनं तेच पॅक करून विकलं.

दोघंही खरं बोलले. पण अर्धं अर्धं.

आधी ताईची बाजू घेतो. या पुस्तकाला नुसतं फेकून देऊ नका. त्या दुकानात कोण कोण येतं बघा. नवऱ्याचा मार खाणारी बाई येते, जिला सगळे 'आहुजाची बायको' एवढंच म्हणतात. शाळेत मार खाणारा शीख पोरगा येतो, पुढं तो टोळीत शिरतो. काश्मीरहून पळालेला टॅक्सीवाला येतो, त्याच्यावर हल्ला होतो. ही माणसं हवेतून आली नाहीत. लेखिकेनं १९९१ साली तिथल्या बायकांबरोबर 'मैत्री' नावाची संस्था उभी केली. घरात मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी हेल्पलाईन. आहुजाची बायको शेवटी घर सोडते. जी बाई असल्या कामात उतरली तिला चोचलेवाली म्हणणं मला जमत नाही. आपल्या वस्तीतही दारूड्याचा मार खाऊन गप्प बसणाऱ्या बाया आहेत. आपल्या चळवळीनं त्यांच्यासाठी किती फोन ठेवले, हेही एकदा मोजू.

आता दोस्ताची बाजू. पण तो म्हणतो तसा जादूचा राग मला नाही. मार्क्वेझच्या 'शंभर वर्षांच्या एकांता'तही जादू आहे. पण १९२८ साली कोलंबियात केळीच्या मळ्यातल्या संपकरी मजुरांवर गोळ्या चालल्या, ते त्या जादूच्या ऐन मध्यात आहे. आणि ते घडलंच नाही असं सांगणारं सरकारही आहे. तिथं जादू मजुराचं मढं झाकत नाही, उघडं करते. म्हणून माझा प्रश्न एवढाच : या मसाल्याच्या जादूनं काय झाकलं?

ही गोष्ट मी माझ्या मावशीला सांगितली. मावशी भिवापूरकडं दिलेली, नागपूर जिल्ह्यात. भिवापूरची मिरची नावाजलेली. त्या भागात मिरचीचे देठ खुडायचं काम चालतं, त्याला 'मिरची सातरा' म्हणतात. ढिगाऱ्यापुढं बाया ओळीनं बसतात. किलोवर मजुरी. नाकाला पदर बांधला तरी ठसका थांबत नाही. हाताची आग रातभर जात नाही, अन् त्या हातानं लेकराला घ्यायची सोय नाही. मावशीनं गोष्ट पूर्ण ऐकली आणि म्हणाली,

"मसाला बोलते म्हंते ना ते दुकानवाली? मंग त्याले इचार म्हना, तुले तोडलं कोनं, अन् तिले पैसे किती भेटले."

मित्रांनो, पुस्तक न वाचलेल्या बाईची ही प्रतिक्रिया. मला या बैठकीतली सगळ्यात मोठी टीका ती वाटते. तिलोला गिऱ्हाईकाच्या काळजातलं दिसतं. पण मिरची तिच्या फळीवर येते ती जणू बेटावरूनच आली. शेत नाही, तोडणारी नाही, मुकादम नाही, काटा मारणारा व्यापारी नाही.

आणि मिरचीसाठीसुद्धा माणसं परदेशी होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गडचिरोली-चंद्रपूरची माणसं, छत्तीसगडचे आदिवासी हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात. एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन लागला. काम बंद, गाड्या बंद. छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची आदिवासी पोरगी, तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, माणसांच्या घोळक्याबरोबर जंगलातून गावाकडं पायी निघाली. तीन दिवस चालली. घर जवळ आलं आणि ती मेली. तिच्यासाठी कुठल्या दुकानात कुठली पुडी होती? मसाले आणि स्थलांतर यांची खरी कादंबरी लिहायची तर तिथून सुरुवात होते.

दुसरी गोष्ट आपल्या चुलीची. त्या दुकानाच्या फळीवर सगळं आहे. आपल्या आज्यांच्या चुलीजवळ काय होतं? मीठ, मिरची, असला तर लसूण. तेल म्हणाल तर बोट बुडवण्यापुरतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचा. २०१५ साली आलं, २०२४ साली इंग्रजीतही गेलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाचा तो जमाखर्च आहे. चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, रक्ती, रानातल्या भाज्या. ज्यांनी अन्नाला पूर्णब्रह्म म्हटलं त्यांनी हे ताट कधी मोजलंच नाही. नावातला तो 'अ' किती मोठा आहे बघा.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. सिनेमात तिलोला आणखी एक नियम आहे : कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. लावला तर विद्या जाईल. प्रेक्षक हळहळतो, बिचारी! राजेहो, आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षं हाच नियम होता. पण तो आपल्या विद्येच्या रक्षणासाठी नव्हता, दुसऱ्याच्या पावित्र्यासाठी होता. तिलोच्या स्पर्शबंदीत शृंगार आहे. आपल्या स्पर्शबंदीत चवदार तळं आहे, १९२७ सालचं. सिनेमा बघताना पोटात कळ आली नसेल तर पुन्हा बघा.

चौथी गोष्ट, आणि मग थांबतो. देश सोडला की जात सुटते का? १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी केतकरांचा हवाला दिला : हिंदू जगात जिथं जातील तिथं जात हा जगाचा प्रश्न होईल. हे केतकर म्हणजे पुढं ज्ञानकोशकार झालेले, आपल्या अमरावतीत शिकलेले. खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसरच पडला होता. १९१७ साली बडोद्यात उतरले आणि राहायला खोली मिळेना, तेव्हा आठवण करून दिली गेली. म्हणजे तेव्हा अमेरिका आपल्यासाठी मोकळा श्वास होती. पुढं तिकडं आपले लोक वाढले, आणि सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर जातही गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. अमेरिकेतलं तसं करणारं ते पहिलं शहर. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या. त्याच वर्षी तिलोच्या कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, आणि ऑक्टोबरात गव्हर्नरनं सही नाकारली. विरोधात कोण उभे होते? बरेचसे आपलेच देशबांधव. म्हणजे दुकानाबाहेर एवढं होतं, आणि तिलोच्या मुख्य गिऱ्हाइकांत जातीचं दुःख घेऊन आलेला एकही नाही. वर्णद्वेष आहे, नवऱ्याचा मार आहे, जात नाही. कदाचित असा माणूस येऊन गेलाही असेल. आडनाव लपवून आला असेल. पुण्यात खोली शोधताना आपण लपवतो तसा.

मग हे पुस्तक वाचायचं कशाला? शेवटासाठी. शेवटी तिलो नियम मोडते, भूकंपात दुकान जमीनदोस्त होतं, विद्या जाते. ती साधी बाई होते, नवं नाव घेते, आणि पडलेल्या शहरात माणसांच्या मदतीला परत फिरते. पुडी बांधून दुःख जात नाही, बाहेर यावं लागतं, हे तिला तीनशे पानांनंतर कळतं. आपल्याला ते आधीपासून ठाऊक आहे. पण आपण ते लिहिलेलं नाही.

तेवढंच काम आज देतो. प्रत्येकानं एक वही घ्या. घरी जा. आई, आजी, मावशी, जी असेल तिला विचारा : लहानपणी कालवणात काय पडायचं? तेल किती दिवसांनी? मिरची कुणाच्या वावरात तोडली, मजुरी किती, आणि हात किती रात्री जळाले? ती बोलेल तसं लिहा. तिची भाषा सुधारू नका. 'भेटले'चं 'मिळाले' करू नका. पुढच्या बैठकीत ती वही वाचायची. माझी पहिली ओळ मावशीची असेल.

जयभीम.