झाडावरून झाडावर

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर गणराय विराजमान आहेत. मूर्ती नसेल तेथे आपण तांदळावर सुपारी मांडून तिलाच गणपती मानतो. कलशावर नारळ ठेवतो. ही सुपारी आणि हा नारळ चाळीस-पन्नास फुटांवरून कोणीतरी उतरवलेला असतो. त्या माणसाच्या एका कौशल्याविषयी मी आज बोलणार आहे. ते कौशल्य म्हणजे जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणे.

मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा इंजिनियर, वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पण माझे आजोळ श्रीवर्धनकडचे आणि नोकरी तंजावरला. म्हणजे तिकडे पोफळी आणि इकडे माड. शिवाय उंचावर तार ओढणे आणि त्या तारेचा ताण मोजणे हे आमच्या खात्याचे रोजचे काम. त्यामुळे या विषयाकडे मी दोर, वजन आणि ताण याच नजरेने पाहतो.

प्रथम पोफळ घेऊ. शास्त्रीय शिफारशीप्रमाणे पोफळी साधारण २.७ मीटर अंतरावर लावतात, म्हणजे नऊ फूट. खोड सडपातळ, सरळ आणि लवचिक. सुपारी काढणारा पायात दोरीचा फास अडकवून वर चढतो. घड उतरवून झाला की खाली येत नाही. शरीर मागे-पुढे हेलकावून झाडालाच झोका देतो. झाड वाकते, शेजारच्या पोफळीचे खोड हाताच्या टप्प्यात येते, ते तो घट्ट धरतो, पाय तिकडे नेतो आणि मगच पहिले झाड सोडतो. पहिली पोफळ सपकन सरळ होते. अशा रीतीने एकदा चढलेला माणूस ओळीतली अनेक झाडे उरकून मगच खाली उतरतो. हिशेब सोपा आहे. चाळीस फुटांची दहा झाडे एकेक करून चढायची तर चारशे फूट चढण आणि चारशे फूट उतरण. झोक्याने गेला तर चढण एकदाच. पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारायचे तेव्हा तर बागेतल्या प्रत्येक झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचावे लागते. तिथे ही विद्या फारच उपयोगी, आणि शेवाळलेल्या ओल्या खोडामुळे तिथेच ती सर्वांत धोक्याची.

आता माड. याची लागवड साधारण साडेसात मीटरवर. खोड जाड, पोफळीसारखे वाकणारे नाही. तेथे झोका चालत नाही, दोर लागतो. याचे उत्तम उदाहरण समुद्रापलीकडे श्रीलंकेत आहे. तेथील पश्चिम किनाऱ्यावर, वाद्दुवा-कळुतरा भागात, माडी काढणारे लोक माडांच्या शेंड्यांमध्ये काथ्याचे दोर बांधतात. खालच्या दोरावर पाय, वरचा दोर हाताला. एका माडावर चढायचे आणि दोरावरून चालत पुढच्या माडांवर जायचे.

मग आपल्या पट्टुकोट्टै-पेरावूरणीच्या बागांत असे दोर का नाहीत? इथल्या माणसांना धाडस कमी आहे असे मुळीच नाही. कारण फेऱ्यांचे आहे. माडीसाठी झाडाकडे रोज जावे लागते, बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ. तेव्हा दोर बांधण्याचा आणि राखण्याचा खर्च भरून निघतो. नारळ पाडायला मात्र त्याच झाडावर दीड-दोन महिन्यांनी जायचे असते. तेवढ्यासाठी कोण दोर बांधील? शिवाय तमिळनाडूत ताडी-माडीवर १९८७ पासून बंदी आहे. वाट तेथेच पडते, जेथे रोज पाऊल पडते. रेल्वेचाही नियम तोच.

या दोराचे गणित आता थोडे सांगतो, कारण जीव या गणितावर टांगलेला असतो. साठ किलोचा माणूस दोराच्या मध्यावर उभा राहिला तर दोरावर साठ किलोचाच ताण येत असेल असे वाटते. तसे नाही. साडेसात मीटरच्या अंतरात दोराला अर्धा मीटर झोळ पडत असेल तर ताण सुमारे सव्वादोनशे किलो येतो. झोळ एक मीटर असेल तर तोच ताण सुमारे ११५ किलोवर उतरतो. म्हणजे दोर जितका ताठ बांधाल तितका तो धोक्याचा. ताठ दोर पाहून नवख्याला धीर येतो, पण जाणकार थोडा झोळ ठेवतो.

दुसरी गोष्ट झाडाची. मधल्या माडाला दोन्हीकडून दोर असतात, त्यामुळे त्याला थोडा आधार मिळतो. ओळीच्या टोकाच्या माडाला ओढ एकाच बाजूने बसते. आमच्या विजेच्या तारांच्या शेवटच्या खांबाला म्हणूनच मागून ताणतार असते. टोकाच्या झाडालाही तसा मागून ताण द्यायला हवा, आणि ते झाड निरोगी हवे. किडीने पोखरलेला माड बाहेरून हिरवागार दिसतो.

फांद्या असलेल्या मोठ्या वृक्षांवर आता दोराने चढण्याची पद्धत जगभर रूढ आहे. वृक्ष छाटणारे आणि जंगलाचा अभ्यास करणारे दोघेही ती वापरतात. तेथे वजनाची पिशवी लावलेली बारीक दोरी आधी पुढच्या झाडाच्या मजबूत फांदीवरून टाकतात. तिच्या मागोमाग मुख्य दोर ओढून घेतात. चढणारा त्या दुसऱ्या दोरालाही स्वतःला बांधून घेतो. मग पहिला दोर हळूहळू सैल सोडत आणि दुसरा आवळत जातो. मधल्या वेळात तो दोन्ही दोरांवर असतो. दोन दोरांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर माणसाचे पूर्ण वजन येते, त्याहून वाढला तर आणखी जास्त. म्हणून दोर शक्य तितक्या उंच फांदीवरून घेतात. दुहेरी दोर फांदीवरून नुसता ओवलेला असतो, म्हणून पलीकडे पोहोचल्यावर एक टोक ओढले की मागचा दोर आपोआप सुटून येतो. ही सोय माडाला नाही. माडाला फांदीच नाही, आणि झावळीवर भरवसा ठेवणे म्हणजे बुडत्याने काडी धरणे. तेथे दोर खोडालाच वेढून बांधावा लागतो.

नलिनी नाडकर्णी हे नाव काहींनी ऐकले असेल. भारतातून अमेरिकेत गेलेल्या वडिलांची ही कन्या कोस्टारिकाच्या जंगलात दोराने वर चढून वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवनाचा अनेक वर्षे अभ्यास करीत आली. एवढ्या अनुभवी बाई, पण २०१५ साली सुमारे पन्नास फुटांवरून पडून गंभीर जखमी झाल्या. बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या हे त्यांचे धैर्य. अनुभव म्हणजे विमा नव्हे, एवढे आपण यातून घ्यावे.

पोफळीचा झोका, काथ्याचा दोर आणि आधुनिक पद्धत या तिन्हींत सूत्र एकच आहे. पुढचे पक्के धरल्याशिवाय मागचे सोडायचे नाही. उंचावरच्या कामासाठी दोन दोऱ्यांचा पट्टा असतो तो याचसाठी. एक दोरी हलवताना दुसरी अडकलेलीच राहते. सुपारी काढणाऱ्याला हे सूत्र पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. फरक एवढाच, की बदलाच्या त्या क्षणी त्याच्याकडे फक्त हात आणि पाय असतात. हात घसरला तर धरून ठेवणारे काहीच नसते. पाठीच्या कण्याला मार बसला की घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो.

केरळात चेंबेरी जोसेफ यांनी बनवलेले चढण्याचे यंत्र आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या नावाने तरुण-तरुणींना यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण दिले. यंत्रावर पाय टेकायला जागा मिळते, महिलाही चढू शकतात. मात्र प्रत्येक झाडाला खाली उतरून यंत्र सोडायचे आणि पुढच्या झाडाला पुन्हा बांधायचे. वेळ जातो, मजुरी वाढते. पोफळीसाठी कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब काठ्या आल्या आहेत. जमिनीवर उभे राहूनच घड काढता येतो. म्हणजे झाडावरून झाडावर जाण्याची विद्या हळूहळू मागे पडणार. माझ्या मते त्यात हळहळ करण्यासारखे थोडे आणि समाधान मानण्यासारखे अधिक आहे.

दोन वादळांचाही उल्लेख करतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' वादळाने आपल्या जिल्ह्यातले असंख्य माड उपटले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन परिसरातल्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मालकाचे नुकसान सर्वांना दिसले. चढणाऱ्याचे दोनदा झाले. काम गेले, आणि उरलेल्या झाडांत मोठ्या फटी पडल्या. मधली दोन झाडे नसली की झोका पोहोचत नाही, वाट तुटते. मग तो प्रत्येक झाड पायथ्यापासून चढतो, किंवा वाजवीपेक्षा लांब झोका घेतो. दुसरे फार वाईट.

आपल्यापैकी काहींची घराणी व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे आहेत, काही माझ्यासारखे बदलीवर आलेले. पण अनेकांची कोकणात नाहीतर इथे पट्टुकोट्टैकडे थोडीफार बाग आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चढणाऱ्यासाठी सेफ्टी बेल्ट आणि चांगला दोर मालकाने स्वतःच्या पैशाने घ्यावा. दोर उन्हापावसाने कुजतो, तो दरवर्षी बदलावा. पोखरलेल्या झाडांवर चुन्याची खूण करावी. पाऊस किंवा वारा असेल त्या दिवशी काम सांगू नये. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजना आहे, तिची चौकशी करून चढणाऱ्याचे नाव घालावे. यासाठी होणारा खर्च आपल्या एका उत्सवाच्या रोषणाईपेक्षा नक्कीच कमी आहे.

आणि बालमित्रांनो, हे सर्व ऐकून उद्या कोणी पेरूच्या झाडावर प्रयोग करू नये!

उद्याच्या पूजेला सुपारी हातात घ्याल तेव्हा ती उतरवणारा माणूस सुखरूप जमिनीवर यावा अशीही एक प्रार्थना करा. 

गणपती बाप्पा मोरया!